अर्ध्या उकाराचे पुरावे

अबूबकरने आपल्या बायकोच्या एका उकाराला जगात जागा मिळवून द्यायचं ठरवलं, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता आणि बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. मला त्याने हे सांगितलं ते दुपारी सव्वाबाराला, शटर अर्धं खाली ओढून. त्याचं टायपिंग सेंटर बारा ते चार बंद असतं. त्या चार तासांत लोक जेवतात, झोपतात, आणि सोबत मिळाली तर असले निर्णय घेतात.

सोबत म्हणजे मी. मुलगा श्रेयस आणि सून वल्लरी यांच्याकडे दोह्यात, फरीज बिन ओमरान भागात येऊन मला तीन वर्षं झाली. आमच्या इमारतीच्या खालीच, लाँड्री आणि केरळी हॉटेल यांच्यामध्ये, अबूबकरचं दुकान. दुकान त्याचं नव्हे, तो तिथे चव्वेचाळीस वर्षं नोकर. लोकांचे अरबी अर्ज टाइप करून देणं हे काम. व्हिसा, लायसन, भाडेकरार, घटस्फोट. माणसाच्या आयुष्यात जे जे घडतं त्याचा इथे एक अर्ज असतो, आणि ते सगळे अबूबकरला पाठ होते.

"बाबा, तुम्ही रोज त्या दुकानात काय करता?" वल्लरी विचारायची. "तुमचे तर सगळे अर्ज भरून झालेत."

मी पुण्यात पस्तीस वर्षं छपाईची अक्षरं काढली होती. आधी शिशाच्या खिळ्यांसाठी, नंतर कॉम्प्युटरसाठी. हे अबूबकरला कळलं त्या दिवसापासून माझा चहा फुकट झाला. आमचं बोलणं हिंदीत. त्याची हिंदी मल्याळमच्या उतारावरून घरंगळत यायची, माझी मराठीच्या चढावर धापा टाकायची. वाटेत कुठेतरी भेट व्हायची.

तर उकार.

अबूबकरची बायको जैतून. लग्न झालं आणि दहा महिन्यांनी तो दोह्याला आला. ती मलबारातल्या गावीच राहिली, शेवटपर्यंत. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा, हा त्यांचा संसार. मूल झालं नाही. एक्क्याऐंशीपासून फोन स्वस्त होईपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, पत्रं. तिची सगळी पत्रं त्याने दुधाच्या पावडरीच्या चार डब्यांत जपली होती आणि आता, डोळे शाबूत आहेत तोवर, ती टाइप करून ठेवायची होती.

टाइप होत नव्हती. मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी एक अर्धा उकार येतो. ओठ उकारासाठी निघतात आणि दारातूनच परत फिरतात. छापताना त्याला दोन चिन्हं लावतात, एक पायाशी आणि एक डोक्यावर. जैतूनच्या पत्रांत मात्र एकच चिन्ह होतं: पायाशी गळासारखा छोटासा आकडा आणि आकड्याच्या पोटात टिंब. जागा वाचते, हात उचलावा लागत नाही. मी आयुष्यभर अक्षरांतच बसलो, पण इतका समजूतदार उकार पाहिला नव्हता.

"दोन चिन्हं लावून टाइप कर की," मी म्हणालो. "वाचणाऱ्याला कळेल."

"कळेल," अबूबकर म्हणाला. "पण मग ते पेपरातलं होतं. तिचं नाही राहत."

मी त्याला समजावून सांगितलं की कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. जगातल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला एक नंबर दिलेला आहे. नंबर नसेल तर ते चिन्ह कुठल्याही पडद्यावर उमटत नाही. अबूबकर चव्वेचाळीस वर्षं कतारचे आयडी टाइप करत होता, त्याला हे एका वाक्यात कळलं. मग म्हटलं, स्वरचिन्हाचं आणखी एक आहे, ते एकटं उभं राहू शकत नाही, व्यंजनाच्या अंगाला लागूनच यावं लागतं.

"कफील लागतो," अबूबकर म्हणाला. कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर परदेशी माणूस इथे राहतो तो.

"हो. कफील लागतो."

"मग सरळ सांगा ना. नंबर कोण देतं?"

एक समिती देते. तिचा अर्ज असतो. हा शब्द ऐकल्यावर अबूबकरच्या चेहऱ्यावर जो प्रकाश आला तो मी दोह्यात क्वचित पाहिला आहे. चव्वेचाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे अर्ज भरले होते. हा पहिला त्याचा स्वतःचा.

अर्ज इंग्रजीत होता आणि त्यातले प्रश्न खोचक होते. हे चिन्ह वापरणाऱ्या लोकांशी संपर्क साधला आहे काय? अबूबकर म्हणाला, लिहा, साधला आहे, वीस वर्षं, पंधरा दिवसांतून एकदा. मी ते तसंच लिहिलं. पुढचा प्रश्न मात्र मला मान्य होता आणि तिथेच मी घोळ घातला. एका माणसाने वापरलेलं चिन्ह चालत नाही. तसं असतं तर प्रत्येक डॉक्टरच्या अक्षराला नंबर द्यावा लागला असता. निरनिराळ्या लोकांनी, स्वतंत्रपणे, ते वापरल्याचे पुरावे लागतात.

"दुसरं कोणी असं लिहीत असेल तर शोध," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. मला वाटलं होतं कुणी सापडणार नाही, प्रकरण आपोआप मिटेल आणि चहा चालू राहील.

अबूबकरने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या चिन्हाचा फोटो टाकला. कुणाच्या घरी जुन्या पत्रांत असं काही आहे का? तीन दिवसांत तीन घरांतून उत्तरं आली. एकीचा नवरा दम्माममध्ये होता, एकीचा अबुधाबीत. तिसरी फुजैलची आई. फुजैल हा त्याच गावचा पोरगा, इथे हमद पोर्टवर कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. त्याचे वडील शारजात वारले होते, आणि त्यांच्या सामानात बायकोची पत्रं परत आली होती. त्याने आईकडून पंचवीस पत्रांचे फोटो मागवले आणि छापून स्वतः दुकानात आणून दिले.

तिन्ही घरांच्या पत्रांत तो उकार होता. आकडा, पोटात टिंब.

अबूबकरने कोळिकोडचा हलवा मागवला. लाँड्रीवाल्याला दिला, हॉटेलात दिला, वल्लरीला डबा भरून पाठवला. "आमच्या गावाची रीत आहे ही," तो सगळ्यांना सांगत होता. "माझ्या जैतूनची एकटीची नाही. सगळा गाव असा लिहायचा. मला माहीतच नव्हतं."

त्याला माहीत नव्हतं, कारण बायकोचं पत्र कुणी कुणाला दाखवत नाही. वीस-वीस जण एका खोलीत झोपायचे, साबण एक, पंखा एक, पण पत्र ज्याचं त्याच्या उशीखाली. आणि हा सभ्यपणा अजून गेलेला नव्हता. फुजैलच्या आईची पत्रं तपासताना अबूबकर कागदावर दोन पुठ्ठे ठेवायचा, एक वर, एक खाली, आणि मधल्या फटीतून फक्त उकार शोधायचा. दुसऱ्याच्या घरातलं वाचायचं नाही. सापडला की लाल पेन्सिलीने गोल, आणि कागद माझ्याकडे.

माझं उलटं. मला मल्याळम येत नाही. मला मजकूर दिसत नाही, नुसता हात दिसतो. कुठे टाक टेकला, कुठे वळला, शेपटी कुठे ओढली. ते फोटो मी घरी मोठे करून पाहिले आणि दुसऱ्या पत्रालाच माझ्या लक्षात आलं की हा हात ओळखीचा आहे. जैतूनच्या पत्रांतली तीच उजवीकडची कलणी, तेच ओळीच्या शेवटी घाईने गोल न मिटणं. दम्मामचं पत्र, अबुधाबीचं, शारजाचं, दोह्याचं, सगळी एकाच हाताची.

त्या दिवशी मंगळवार होता. मी शुक्रवारपर्यंत गप्प राहिलो. वल्लरीने विचारलं, "बाबा, हलवा आवडला नाही का?" मी म्हटलं, आवडला.

मी सांगितलं नाही, पण अर्जाने सांगितलं. पुराव्याची ओळ पूर्ण द्यायची होती आणि शेजारी तिचं भाषांतर. अबूबकर तयार नव्हता. शेवटी फुजैलची परवानगी काढली. शुक्रवारी, नमाजानंतर, फुजैलही आला. आईने बनवलेलं लोणचं त्याच्या हातात होतं, ते त्याने काउंटरवर ठेवलं.

"वाच इक्का," तो थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाला. "बाबा काही ऐकायला नाहीत. आणि आई म्हणते, त्यात वाचण्यासारखं काय आहे, सगळं तेच तेच."

अबूबकरने एक पुठ्ठा बाजूला केला. मी पेन घेऊन बसलो. तो मल्याळममध्ये मनाशी वाचायचा, मग हिंदीत सांगायचा.

"'तुम्ही गेल्यापासून,'" तो म्हणाला. "लिहा. 'तुम्ही गेल्यापासून विहिरीचं पाणी...'"

आणि थांबला.

"पाणी काय?" मी विचारलं.

तो कागदाकडे बघत नव्हता. पुढचं त्याने कागदाकडे न बघताच सांगितलं. "'...विहिरीचं पाणी मचूळ लागतं. घागर भरते, पण तहान भरत नाही.'"

मी लिहून घेतलं. चांगलं वाक्य होतं. अबूबकरने दुसरा पुठ्ठाही काढला आणि सगळं पत्र वाचलं, मग दम्मामचं, मग अबुधाबीचं. अबुधाबीच्या पत्रातही घागर भरत होती. फुजैलने माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं.

"तुझ्या आईला फोन लाव," अबूबकर म्हणाला.

फुजैलने स्पीकरवर लावला. ती बाई मोठ्याने बोलणारी होती. मागे कोंबड्याही बोलत होत्या. फुजैल मला हळूच हिंदीत सांगत गेला, म्हणून मला कळलं.

"पत्रं कुणी लिहायचं? ईश्वरी टीचर लिहायच्या, आणखी कोण. शाळेतल्या. रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर आम्ही सगळ्या. कुणाला लिहिता येत होतं आमच्यात? नाव काढायला त्यांनीच शिकवलं होतं, रेशनच्या सहीपुरतं. आलेली पत्रंही त्याच वाचून दाखवायच्या. देवमाणूस होत्या. गेल्या, दहा वर्षं झाली."

"जैतूनची?" अबूबकरने विचारलं.

"तिचीपण. ती रांगेत शेवटी उभी राहायची. बाकीच्या गेल्या की मग सांगायची, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. काय सांगायची ते टीचरना माहीत आणि अल्लाला माहीत."

"आम्हाला कुणी बोललं नाही कधी."

"तुम्हाला कशाला बोलायचं? तुम्हाला वाटत होतं बायका शिकलेल्या आहेत. तुम्हाला बरं वाटत होतं. आम्हालाही बरं वाटत होतं."

"ते विहिरीच्या पाण्याचं वाक्य," अबूबकर म्हणाला. "ते कुणाचं?"

"ते माझं," बाई म्हणाली. "मी सांगितलं होतं टीचरना." मग म्हणाली, "पण ती अबुधाबीवाली सैनबाही म्हणायची तिचं म्हणून. भांडायची. आता कोण सांगणार."

फुजैलला फोन बंद करायचा होता. त्याचा अंगठा तिथवर गेलाही होता. पण बाईला आठवलं.

"जैतून मात्र नंतर शिकली, बरं का. ते कुवेतचं युद्ध चाललं होतं तेव्हा. आमच्याकडे साक्षरतेचा वर्ग निघाला होता, पेट्रोमॅक्स लावून. आम्ही दोन दिवस जाऊन आलो आणि सोडलं. ती रोज. पाटी घेऊन. म्हणायची, आता मी माझं माझं लिहिणार. लिहायलाही लागली होती. मग पुन्हा आली ओसरीवर रविवारी. आम्ही विचारलं, काय गं, तर म्हणाली, टीचरचंच अक्षर चांगलं."

फोन बंद झाला. फुजैलला पोर्टवर जायचं होतं, सुट्टीच्या दिवशीही. जाताना तो अबूबकरच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही या विचारात दारात थोडा उभा राहिला आणि मग न ठेवताच गेला.

"अर्ज पाठवता येणार नाही," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. "चारही घरांचा पुरावा एकाच हाताचा आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या मंगळवारी."

"आणि तरी हलवा खाल्लात."

"खाल्ला."

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. फळीवरून तिसरा डबा काढला, एक्क्याण्णवचा गठ्ठा सोडला आणि त्यातून तीन कागद वेगळे केले. इतके दिवस ते त्याने मला दाखवलेच नव्हते. त्यात तो उकार नव्हता, म्हणून पुराव्याला निरुपयोगी. त्याच्या आठवणीत ती आजारपणातली पत्रं होती. निदान त्याने तसं धरलं होतं.

मी ती हातात घेतली. अक्षरं ओळीवर सुरू व्हायची आणि उतार लागल्यासारखी खाली निघायची. आकार मोठे, कोपरे कोपरे, प्रत्येक अक्षर दुसऱ्याला धरायला भिणारं. पेन इतकं दाबलेलं की कागद उलटा करून बोट फिरवलं तर लिहिलेलं लागत होतं. शब्दांच्या शेवटी अर्ध्या उकाराची ती वर्गात शिकवलेली दोन चिन्हं होती, एक पायाशी, एक डोक्यावर, दोन्ही ठसठशीत, एकही विसरलेलं नाही.

"काय लिहिलंय?"

अबूबकरने वाचून दाखवलं. पहिलं: "मी बरी आहे. विहिरीला पाणी पुष्कळ आहे. बकरीला दोन पिल्लं झाली. जैतून." दुसरं: "तिकडे युद्ध आहे म्हणतात. खिडकीपाशी झोपू नका. जैतून." तिसरं: "तुमचं पत्र आलं नाही. मी लिहिते आहे. जैतून."

पिल्लं हा शब्द तिने चुकवला होता, असं तो म्हणाला. आणि खिडकीही.

"टपाल अडलं होतं," तो म्हणाला. "दोन महिने काही नाही. मग तिन्ही एकदम आली. खोलीत सगळ्यांना जाड जाड पाकिटं आली होती. मला या चार-चार ओळी." त्याने तिन्ही कागद जुळवून ठेवले, पुन्हा वेगळे केले. "मी लगेच उत्तर लिहिलं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण दुकानात मीच होतो.

जैतून गेल्यावर तिच्या पेटीत अबूबकरची सगळी पत्रं निघाली होती. ती त्याने दोह्याला आणली होती आणि सोडलीही नव्हती. स्वतःचं लिहिलेलं काय वाचायचं? आता त्याने तो गठ्ठा टेबलावर सोडला. पाकिटं तारखेप्रमाणे लावलेली होती. प्रत्येकाची कड कात्रीने कापलेली, सरळ, जशी शाळेतली बाई कापेल तशी. चार-पाचशे पाकिटं, सगळी एकसारखी. त्याने एप्रिल एक्क्याण्णवचं काढलं. ते कात्रीने कापलेलं नव्हतं. अंगठा घालून फाडलेलं होतं, वेडंवाकडं, घाईने, आणि त्या नादात आतल्या कागदाचाही कोपरा फाटला होता.

मी त्याला म्हणणार होतो की टीचरनी वाचून दाखवलं असेल, जरा गोड करून दाखवलं असेल, शिक्षकांना ते जमतं. फाटलेला कोपरा बघून ते म्हटलं नाही.

"हे तिने वाचलं," अबूबकर म्हणाला. "स्वतः. माझं पहिलं पत्र, स्वतः वाचलेलं."

"काय लिहिलं होतंस?"

त्याने कागद उघडला नाही.

"की दोन महिने वाट पाहिली आणि आलं काय, तर कोंबडीने पाय ओढल्यासारखं. की तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग. की बाकीच्यांच्या बायका बघ." तो टायपिस्ट होता, मजकूर त्याला ओळीवार आठवत होता. "की पुढचं पत्र आधीसारखं, नीट अक्षरात पाठव."

बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली. ती व्यक्ती थोडा वेळ थांबून निघून गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग आलं. तीन आठवड्यांत. चार पानं, मोत्यासारखं अक्षर." त्याने पत्र होतं तसं पाकिटात सरकवलं, फाटलेला कोपरा आधी. "मी खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं, रागावल्याचा उपयोग झाला."